पाखरं, पाऊस आणि गोधडीचा भाव



मागच्या अंकांत आपण कर्जाचे हप्ते, विमा आणि शेळीपालन यांवर बोललो. या वेळचा विषय घरातलाच आहे, गोधडी. कुणी वाकळ म्हणतं, कुणी लेपडं, बाळाची असेल तर दुपटं. नाव काहीही असो, गोधडी शिवता येत नाही अशी बाई आपल्या प्रभागात मला अजून भेटायची आहे. मग यात शिकायचं काय, असं तुम्ही म्हणाल. शिकायचं ते हे: अंगावर घ्यायची गोधडी आणि माणसाने थांबून बघत राहावी अशी गोधडी, यांत फरक कशाने पडतो? आणि ती दुसरी आपण पहिलीच्या भावात का देऊन टाकतो?

गेल्या बैठकीत विक्रीसाठी आलेल्या अकरा गोधड्या आपण सतरंजीवर मांडल्या होत्या. त्यांतल्या आठांवर मोर होता. आठही मोर मोबाइलवरच्या एकाच चित्रावरून उतरवलेले, पिसारा डावीकडे आणि मान उजवीकडे. टाका बारीक होता, हात सफाईचा होता, त्याबद्दल प्रश्नच नाही. मी विचारलं, तुमच्या रानात मोर येतो का? चौघींनी हो म्हटलं आणि मग जे सांगायला लागल्या ते ऐकण्यासारखं होतं. हरभऱ्याचे घाटे टिपणारा मोर, हाकलला तरी न उडता तुरूतुरू पळणारा, अर्धी पिसं गळून बोडका झालेला, कुत्र्याला न भिणारा. तो मोर त्या आठांपैकी एकीवरही नव्हता. असता, तर मी आधी तीच गोधडी उचलली असती, आणि गिऱ्हाइकानेही उचलली असती.

गोधडी भिंतीवर टांगण्याची रीत शहरात आणि परदेशात आहे. झाड, पाखरू, पाणी, डोंगर बघून कापडात उतरवलेल्या अशा गोधड्यांना 'आर्ट क्विल्ट' म्हणतात, म्हणजे कलेची गोधडी. नाव ऐकून बिचकू नका. तुकडा, अस्तर, सुई-दोरा आणि धावदोरा, सामान आपलंच आहे. या कामात फार मोठं नाव झालेली एक बाई शेतकरीण होती आणि तिची गोष्ट आपल्या गटांत बसून वाचावी अशी आहे.

बैलगाडीतून आलेली गोधडी

तिचं नाव हॅरिएट पॉवर्स. अमेरिकेतल्या जॉर्जिया या कापसाच्या मुलुखात १८३७ साली ती गुलामीत जन्मली. गुलाम म्हणजे माणसाची खरेदी-विक्री, आई एका मालकाकडे तर लेकरू दुसऱ्याकडे. १८६५ मध्ये तिथली गुलामी संपली, तोवर ती अठ्ठावीस वर्षांची झाली होती. पुढे तिने नवऱ्याबरोबर चार एकर जमीन केली, पोरं वाढवली आणि गोधड्या शिवल्या. तिच्या दोनच गोधड्या आज टिकून आहेत. एक वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, दुसरी बॉस्टन शहराच्या मोठ्या कला संग्रहालयात.

पहिली गोधडी तिने १८८६ मध्ये अथेन्स नावाच्या गावात भरलेल्या कापसाच्या जत्रेत मांडली होती. तिच्यावर बायबलमधल्या गोष्टी होत्या. माणसं आणि जनावरं कापडातून साधी कातरून बसवलेली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएट म्हणाली, विकायची नाही. कितीही दिले तरी नाही.

चार-पाच वर्षं गेली. दिवस फिरले, घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. १८९१ साली हॅरिएट बैलगाडीत बसून त्या शिक्षिकेच्या दारात आली. गोधडी मांडीवर, पिठाच्या स्वच्छ पिशवीत घातलेली, वरून आणखी एक जाड पोतं. तिने दहा डॉलर मागितले. शिक्षिका म्हणाली, माझ्याकडे पाचच आहेत. हॅरिएट बाहेर गेली, नवऱ्याशी बोलली, परत आली आणि पाचाला गोधडी दिली. जाण्याआधी मात्र तिने एकेक चित्र समजावून सांगितलं आणि शिक्षिकेने ते लिहून घेतलं. नंतरही ती अधूनमधून त्या घरी येत राहिली, आपली गोधडी बघायला.

ही शिक्षिका वाईट बाई नव्हती. तिने ते बोलणं लिहून घेतलं म्हणूनच आज आपल्याला त्या गोधडीचा अर्थ कळतो. पण सौदा कसा झाला तेवढं बघा. वस्तूचा भाव वस्तूवरून ठरला नाही, हॅरिएटच्या घरातल्या अडचणीवरून ठरला. पाच वर्षांपूर्वी जी गोधडी कुठल्याच भावाला द्यायची नव्हती, ती अर्ध्या भावात गेली. या मुद्द्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

आभाळ शिवणारी बाई

माझ्या आवडीची तिची दुसरी गोधडी आहे. १८९५ ते १८९८ च्या दरम्यानची. रुंदी साधारण पावणेसहा फूट, लांबी पावणेनऊ फूट. पंधरा चौकटी. बऱ्याच चौकटींत धर्मातल्या गोष्टी आहेत, पण चार चौकटींत तिने चक्क हवामान शिवलं आहे.

एका चौकटीत मे १७८० मधला तो दिवस आहे, जेव्हा अमेरिकेच्या ईशान्य भागात भर दिवसा अंधार पडला होता. गुरं झोपायला गेली, कोंबड्या खुराड्यात शिरल्या. आज असं मानतात की लांबच्या जंगलांतल्या वणव्यांचा धूर आणि दाट ढग यांमुळे ते झालं. दुसऱ्या चौकटीत १३ नोव्हेंबर १८३३ ची रात्र आहे. त्या रात्री आकाशातून चांदण्यांचा पाऊस पडला, लोकांना वाटलं जगबुडी आली. प्रत्यक्षात तारे पडत नसतात. एका धूमकेतूमागे राहिलेली धूळ पृथ्वीच्या वाटेत येते आणि हवेत शिरून जळते. तो धूमकेतू साधारण तेहतीस वर्षांनी फेरी मारतो आणि दर नोव्हेंबरात थोड्या उल्का आपल्याकडेही दिसतात. तिसरी चौकट १८४६ मधल्या लाल उजेडाच्या रात्रीची, घंटा वाजवून लोकांना उठवणाऱ्या माणसासकट. चौथी १८९५ च्या फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीची. प्रार्थना करता करता गोठलेली बाई, पिठाचं पोतं घेऊन चाललेला गोठलेला माणूस, खेचराच्या श्वासाचा झालेला बर्फ आणि मेलेली निळी पाखरं. शिवाय एका चौकटीत एक डुकरीण आहे, बेट्स नावाची. ती म्हणे जॉर्जियापासून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल एकटी पळत गेली! अशी स्वतंत्र बाण्याची डुकरीण गोधडीवर शिवणाऱ्या बाईला भेटायला मला फार आवडलं असतं.

आता तारखांकडे बघा. हॅरिएटचा जन्म १८३७ चा आणि चांदण्या पडल्या १८३३ ला. म्हणजे तिने ती रात्र पाहिलीच नव्हती. म्हाताऱ्या माणसांकडून ऐकली असणार. १७८० चा अंधार तर तिच्या आजीच्या काळातला. थंडी मात्र तिच्या स्वतःच्या हयातीतली. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं, दोन्ही तिने एका अस्तरावर बसवलं. चौकटीत विज्ञान आलेलं नाही. त्या दिवशी कोंबड्यांनी काय केलं, माणसं कशी घाबरली, ते आलं आहे.

आपल्याकडे अशा रात्री आणि असे दिवस कमी आहेत का? घरातल्या सासूबाईंना, आजीला १९७२ च्या दुष्काळाचं विचारा. खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडीची पाकिटं, तळ दिसणारी विहीर, बाजारात कवडीमोलाने गेलेली बैलजोडी. माहेर कृष्णा-पंचगंगेकाठी असेल त्यांना २०१९ चा पूर आठवत असेल, पत्र्यावर चढलेली कोंबडी आठवत असेल. यातलं काही गोधडीवर आणायचं की नाही, ते जिचं तिने ठरवावं. काही आठवणी मायेने पांघराव्या अशा नसतात. पण मोबाइलमधल्या मोराआधी स्वतःकडे काय आहे ते तरी एकदा बघावं.

शेजारच्या जंगलातलं फूल

अमेरिका लांब राहिली. गोव्याच्या हद्दीला लागून कर्नाटकाचा उत्तर कन्नड जिल्हा आहे. तिथे हल्याळ, यल्लापूर भागातल्या जंगलात सिद्दी समाज राहतो. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून पश्चिम किनाऱ्यावर आणलं होतं. गोव्यातून निसटून काही जण या रानात येऊन राहिले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात.

कवंदीची शिवण आपल्यापेक्षा वेगळी आहे, म्हणून मुद्दाम सांगते. आपण बहुतेक जणी आधी थर अंथरतो, वरचा भाग जुळवतो आणि मग टाके घालत जातो. सिद्दी बाई अस्तर अंथरते आणि कडेपासून सुरुवात करते. एक तुकडा ठेवायचा, कडा मुडपायची, शिवत पुढे जायचं, की लगेच दुसरा तुकडा. असं चारी बाजूंनी गोल फिरत फिरत मध्यावर येऊन ती थांबते. नक्षी आधी कागदावर नसते, हातासरशी वाढत जाते, रानात वेल वाढावा तशी. आणि शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेलं फूल लावतात. त्या फुलाशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

बंगालच्या जुन्या कांथ्यातही असंच एक शहाणपण आहे. मधोमध कमळ आणि चार कोपऱ्यांतून मध्याकडे झुकलेली चार झाडं. गोधडी जमिनीवर पसरली आणि माणसं चारी बाजूंनी बसली, तरी प्रत्येकाच्या समोर एक झाड सरळच उभं दिसतं. चित्र भिंतीवरचं असेल तर त्याला वर-खाली असतं. अंथरायच्या गोधडीला नसतं. तुमची गोधडी कुठे जाणार, भिंतीवर की खाटेवर, हे पहिला तुकडा कातरण्याआधी ठरवायला हवं ते यासाठी.

आता हात चालवू

सुरुवात एकाच गोष्टीपासून करा. अख्खं रान एका गोधडीत कोंबू नका. समजा, पळसाचं फूल घेतलं. चित्र बघू नका, फूल तोडून आणा, ताटात ठेवा. पोपटाच्या चोचीसारखी एक पाकळी पुढे वळलेली, मागे उभी एक, बाजूला दोन. देठाजवळची वाटी काळपट मखमलीची. हे एकदा बघितलं की केशरी कापडाचे तीन-चार तुकडे आणि काळ्या पोलक्याचा एक तुकडा एवढ्यावर पळस उभा राहतो. कपाशीचं बोंड असेल तर उमललेलं आणि न उमललेलं शेजारी ठेवून बघा. ज्वारीचं कणीस असेल तर दाणे काढत बसू नका, बारीक खडीची छापील साडी सापडली तर तिचा तुकडाच कणीस होतो.

पानासाठी सोपी युक्ती. खरं पान वर्तमानपत्रावर ठेवून बाहेरून पेन्सिल फिरवा आणि कागद कातरा. तो कागद कापडावर ठेवून कापड कातरताना चारी बाजूंनी पाव इंच जास्त सोडा, तेवढं मुडपायला लागतं. आंब्याचं, पिंपळाचं पान सोपं जातं. कडुनिंबाच्या दातेरी पानाच्या नादी पहिल्याच वेळी लागू नका, मुडपताना रडवतं. वळणाच्या आतल्या बाजूला कात्रीने बारीक चिरा दिल्या तर कड नीट बसते.

कापड सुतीच घ्या. सुती लुगड्याची कड नखाने दाबली की बसते. नायलॉनची, जॉर्जेटची साडी घसरते, घडी धरत नाही आणि अंगावर गरम होते. भिंतीवरच्या तुकड्यात पाण्याची चमक दाखवायला तिचा एखादा तुकडा चालेल, तेवढाच. नवं कापड वापरणार असाल तर आधी भिजवून वाळवा, नाहीतर धुतल्यावर ते आक्रसतं आणि शेजारचं जुनं कापड सुरकुततं. लाल, जांभळा आणि गडद हिरवा यांची परीक्षा घ्याच. तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून घासा. रंग उतरला तर तो तुकडा कितीही आवडता असला तरी बाजूला ठेवा. गिऱ्हाइकाने एकदा धुतल्यावर पांढरा बगळा गुलाबी झाला तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

रंगाबद्दल एक गोष्ट मला आपल्याच एका मावशींनी दाखवली. त्यांच्याकडे हिरव्या रंगाची एकच साडी होती आणि शेत तर निरनिराळ्या हिरव्यांचं. त्यांनी काही तुकडे सुलटे लावले, काही उलट्या बाजूने. उलटी बाजू फिकी असते. खांद्यावर उन्हाने विटलेला भाग त्यांनी लांबच्या शेतासाठी ठेवला, निऱ्यांच्या आतला गडद भाग जवळच्या पिकासाठी. एका साडीत चार हिरवे निघाले. लांबचं फिकं, जवळचं गडद, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. रोज बांधावरून तेच दिसतं.

आता टाका. चित्र तुकड्यांनी होतं, पण गोधडीत जीव येतो तो धावदोऱ्याने. त्याच मावशी म्हणाल्या, "शेतात तास धरतो तसाच दोरा धरायचा, वाकडा गेला तर पुढचा त्याच्या संगती वाकडा न्यायचा." केवढी मोठी गोष्ट आहे ही! नांगरटीची जमीन दाखवायची तर सरळ ओळी. डोंगराच्या उतारावर ओळी उताराला आडव्या, जशी आपण पेरणी करतो. पानाभोवती मात्र पानाच्याच आकाराच्या ओळी घाला, एकीबाहेर एक, पाण्यात खडा टाकल्यावर वलयं उठतात तशा. रिकामी जागा रिकामी वाटत नाही, हवा हलल्यासारखी वाटते. आभाळ दाखवायचं असेल तर ओळी विरळ करा. दोरा सगळीकडे पांढराच कशाला? मातीवर तपकिरी, पाण्यावर निळा. फुकटात रंग वाढतो.

थर अंथरताना सारवलेल्या किंवा स्वच्छ फरशीच्या जमिनीवर अंथरा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, हाताने मधून बाहेर सुरकुत्या काढा आणि आधी लांब लांब कच्चे टाके घालून घ्या. त्यानंतरचे पक्के टाके मधून बाहेर घालत गेलात तर चुण्या कडेला निघून जातात. आधी जुळवलेल्या गोधडीला ही रीत बरी. कवंदीसारखं कडेकडून आत यायचं असेल तर तुकडेही शिवता शिवताच लावत या, दोन्ही पद्धतींची भेसळ करू नका. मशीन असेल तर वापरायला लाजू नका. हॅरिएटच्या गोधड्यांत हाताची शिलाई आहे आणि मशीनचीही.

पहिला नमुना दीड फूट बाय दीड फुटाचाच करा. आठ-दहा तासांत होतो, उशीचा अभ्रा होतो, भिंतीवर लागतो, आणि चुकला तर दोन महिने वाया जात नाहीत.

सोबतची चिठ्ठी

हॅरिएटच्या चित्रांचा अर्थ कुणीतरी लिहून ठेवला म्हणून टिकला. आपल्या गोधडीचा अर्थ आपणच लिहायचा. प्रत्येक नगासोबत एक चिठ्ठी, मागे अस्तराला शिवलेल्या छोट्या खिशात. लिहायला येत नसेल तर सांगायचं, लेकीने किंवा गटाच्या सचिवाने लिहायचं, पण शब्द आपलेच. "सुंदर हस्तकलेचा उत्कृष्ट नमुना" असलं काही नको, ते प्रत्येक दुकानात लिहिलेलं असतं. नमुन्यादाखल अशी:

"ही गोधडी पाच जुन्या लुगड्यांची आहे. मधला पट्टा आमचा ओढा. उन्हाळ्यात कोरडा पडतो म्हणून तिथला दोरा मातीच्या रंगाचा. काठावरच्या दोन टिटव्या खऱ्या आहेत. पावसाआधी आमच्या रानात ढेकळांत अंडी घालतात. अंडी उंचवट्यावर असली तर पाऊस मोठा, असं माझी सासू म्हणायची. मालक औत हाकताना तेवढी जागा सोडतात, ती रिकामी जागा मी कोपऱ्यात सोडली आहे. शिवायला पंचेचाळीस दिवस लागले."

खाली नाव, गटाचं नाव, गाव. ही चिठ्ठी वाचून गिऱ्हाईक त्या कोपऱ्यातली रिकामी जागा शोधतं. एकदा शोधायला लागलं की मग शेजारच्या स्टॉलवर मशीनची गोधडी किती स्वस्त आहे, हे विचारणं जरा थांबतं.

भाव कुणी ठरवायचा

दिवाळीआधी एक व्यापारी आपल्या भागातून फिरून गेला. एका ताईंनी पंचेचाळीस दिवस शिवलेली मोठी गोधडी ७०० रुपयांना दिली. मुलाची फी भरायची होती, आठवड्याची मुदत होती. त्यांच्याबरोबर बसून आपण हिशेब मांडला तो इथे देते.

दोरा, अस्तर, सुया असे ४०० रुपये. साड्या घरच्याच होत्या, तरी त्यांचे ३०० धरू, कारण बोहारणीने त्यावर भांडं दिलंच असतं. झाले ७००. म्हणजे व्यापाऱ्याने सामानाचे पैसे दिले, कामाचे शून्य. आता काम बघा. रोजचे दोन तास, पंचेचाळीस दिवस, नव्वद तास. खुरपणीला सहा तासांचे ३०० मिळतात असं धरलं, तर तासाला ५० रुपये. नव्वद तासांचे ४,५०० रुपये. सामानासकट ५,२००. प्रदर्शनाला जाण्यायेण्याचा खर्च आणि गटाचा वाटा म्हणून दहा टक्के, ५२० रुपये. एकूण ५,७२०. आणि यात टिटवीचे पैसे अजून धरलेलेच नाहीत, फक्त खुरपणीच्या दराने मजुरी धरली आहे.

प्रत्येक गोधडी एवढ्याला जाईल असं मी म्हणत नाही. महालक्ष्मी सरससारख्या मोठ्या प्रदर्शनातही गिऱ्हाईक घासाघीस करतं. मोठी गोधडी एखादीच खपते, लहान नग जास्त खपतात. पण खालचा आकडा आपल्याला माहीत असला पाहिजे. तो माहीत नसेल तर समोरचा जे म्हणेल तो भाव होतो.

त्या ताई ७०० ला का तयार झाल्या? हिशेब कळत नव्हता म्हणून नाही. फी भरायची होती म्हणून. हॅरिएटही पाच डॉलरला का तयार झाली ते तुम्ही वाचलंत. तिच्या गावात बचत गट नव्हता, आपल्याकडे आहे. अंतर्गत कर्ज आपण खतासाठी, आजारपणासाठी देतो. तयार गोधडी गटाकडे ठेवून तिच्यावर फीपुरते दोन हजार उचल द्यायला काय हरकत आहे? गोधडी विकली की उचल वळती करून घ्यायची. प्रभागातल्या दोन गटांनी हे करून बघायची तयारी दाखवली आहे. बाकीच्यांनी येत्या मासिक बैठकीत विषय घ्या. उचल किती, मुदत किती, नग खराब झाला तर जबाबदारी कुणाची, हे सगळं बोला आणि ठराव इतिवृत्तात लिहा. खालच्या भावाचाही ठराव करा, म्हणजे व्यापारी दारात आला की एकटीला बोलावं लागणार नाही, "गटाचा भाव आहे" एवढं म्हणता येईल.

पुढच्या शनिवारी प्रभाग कार्यालयात दुपारी बारा ते चार असा सराव ठेवला आहे. प्रत्येकीने आपल्या रानातली, परड्यातली एक वस्तू आणायची: पान, फूल, शेंग, कणीस, गळलेलं पीस. सोबत दोन जुन्या सुती साड्यांचे तुकडे, जुनं वर्तमानपत्र आणि घरची कात्री. कार्यालयातल्या दोन्ही कात्र्यांना धार नाही. सुया आणि रंगीत दोरे मी आणते. लहान मुलं असतील तर घेऊन या, अंगणवाडीच्या ताई थांबणार आहेत.